लाल ठिपक्याला हात लावायचा नाही

३ फेब्रुवारी

ती. मामांना,

नमस्कार बसूनच करते, कारण वाकले तर पुन्हा उठता येणार नाही. सकाळपासून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीखाली आडवी होते आणि पाठीने आता संप पुकारलाय.

परवा फोनवर सांगून पाहिलं. तुम्ही सहा वेळा "काय?" म्हणालात आणि सातव्या वेळी "बरं, ठेव" म्हणून स्वतःच ठेवून दिलात. चाळीस वर्षं इंजिनांना कान लावून तुमचे कान गेले, त्याला मी काय करू? म्हणून हे पत्र.

गाडी ती पांढरी डिझेल, मागच्या सीटवर कायम गवत पडलेली. सपाटीवर शहाण्यासारखी चालते. चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये तिचा दम जातो, मागून काळा धूर, समोर पिवळा दिवा. स्कॅनर म्हणतो टर्बोचा दाब कमी पडतोय, पाहिजे त्याच्या जेमतेम निम्मा. हे सांगायला स्कॅनर कशाला पाहिजे? बाई स्वतःच सांगतात, शिव्यांसकट. परवा एका अडलेल्या गायीकडे पोचायला त्यांना तासभर लागला. वासरू वाचलं, माझी अब्रू काही वाचली नाही.

एअर फिल्टर बदलला. टर्बोचा पंखा हाताने फिरवून पाहिला, मोकळा फिरतो, हलत नाही. आता काय पाहू ते सांगा. मुलाकडे राहायला जाताना तीन महिन्यांची मुदत तुम्हीच घातलीय, मला गॅरेज चालवता आलं तर ते माझं, नाहीतर शेजारच्या टायरवाल्याला द्यायचं. त्यातला निम्मा वेळ गेला. टायरवाला रोज सकाळी येतो आणि आपल्या दाराची रुंदी नजरेने मापून जातो. मी डोळे वटारले की म्हणतो, सहज आलो होतो.

तुमची भाची

९ फेब्रुवारी

चि. भाचीबाईंना आशीर्वाद.

अक्षर सुनेचं, मजकूर माझा. माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय, नवीन अजून हातात यायचाय.

पहिली गोष्ट, मी सहा वेळा "काय" म्हणालो नाही. चार वेळा म्हणालो. तू फोनवर तोंडातल्या तोंडात बोलतेस, लहानपणापासूनची खोड आहे.

दुसरी गोष्ट, दाब पडला म्हणून टर्बोचा पंखा कसला फिरवत बसलीस? टर्बो हवा दाबून पुढे ढकलतो. ती रबरी पाइपातून इंटरकूलरमध्ये जाते, तिथे गार होते, दुसऱ्या पाइपातून इंजिनात जाते. दाब पडतोय म्हणजे या वाटेवर कुठेतरी हवा पळतेय. एवढं साधं आहे. पाइपांच्या सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मार, आतून हवा दे, बुडबुडे कुठे येतात ते बघ. तिथे नसेल तर टर्बोला उघडझाप करायला सांगणारी ती बारीक नळी बघ, उन्हाने तडकते.

आणि नियम विसरू नकोस. पाइप आवळणाऱ्या ज्या क्लॅम्पला, ज्या नटाला लाल ठिपका आहे, त्याला हात लावायचा नाही. मी घट्ट करतो, पुन्हा तपासतो आणि मगच नेलपॉलिशचा ठिपका देतो. तो दिला म्हणजे काम झालं. ठिपकेवाले जोड सोड, बाकीचे बघ, निम्मा वेळ वाचेल.

तू टॉर्क रेंच विकत आणलास असं तुझी आई म्हणत होती. काटा बघून नट आवळणं म्हणजे थर्मामीटर लावून चहा पिणं. हाताला कळलं पाहिजे.

मामा

ता. क. ताई, मजकूर ते ओरडून सांगतात. या इमारतीत आता सगळ्यांनाच टर्बो कळायला लागलाय. – सून

१७ फेब्रुवारी

ती. मामा,

मी हात टेकले.

साबणाचं पाणी मारलं. सगळे जोड, सगळे पाइप, तुमचे ठिपकेवाले सोडून. एक बुडबुडा नाही. बारीक नळी तडकलेली नव्हती, तरी नवीन घातली. हातपंप लावून पाहिला, टर्बोची दांडी व्यवस्थित पुढेमागे सरकते. दाबाचा सेन्सर बदलला. गाडी उभी असताना सगळं इतकं झकास की मी हसत हसत बाईंच्या हातात किल्ली दिली.

तासाभरात बाई परत. यावेळी शिव्या नाहीत, नुसतं गाडीचं दार आपटलं. त्याचं मला जास्त लागलं.

मग मी त्यांच्या शेजारी बसून चढावर गेले, स्कॅनर मांडीवर घेऊन. अर्ध्या चढापर्यंत आकडा छान चढत जातो. इंजिनावर जोर आला की एकदम खाली. त्याच वेळी बोनेटखालून "फुस्स" असा आवाज येतो. बाईंना तो महिनाभर ऐकू येतोय, त्यांना वाटलं सगळ्याच गाड्यांना येतो. म्हणजे तुमचं बरोबर, हवा पळतेय. पण कुठून? गॅरेजमध्ये आणली की गाडी साळसूद होते. मी खाली मान घालून तिच्याशी चार शब्द वाईट बोलले, टायरवाल्याने ऐकले आणि हसला.

बाईंनी मला एका आठवड्याची मुदत दिलीय. त्यानंतर त्या गाडी दुसरीकडे नेणार, आणि का नेली ते गोठ्यागोठ्यात सांगणार. तुमची मुदत निराळीच. सगळे मला मुदतीच देतायत, पाना द्यायला कोणी नाही.

चष्मा तयार व्हायला इतके दिवस लागतात का हो? दुकान बदला.

भाची

२२ फेब्रुवारी

चि. भाचीबाई,

चष्म्याची चौकशी नको, गाडीची कर.

साबणाचं पाणी मारताना आत हवा किती दिलीस? गाडी चढावर घेते तितका दाब तू गॅरेजमध्ये देऊच शकत नाहीस. जोर आला की इंजिन आपल्या जागी कलतं, पाइप ओढला जातो, आणि सैल तोंड तेवढ्यापुरतं उघडतं. उभ्या गाडीत ते बंदच राहणार. हे तुला मी दहा वेळा दाखवलंय. लक्ष कुठे असतं तुझं?

जोडांच्या खालच्या बाजूला बोट फिरव. जिथून हवा पळते तिथे तेलकट काळा चिकटा बसतो, कारण टर्बोतून हवेबरोबर थोडं तेल येतंच. डोळ्यांनी दिसलं नाही तर बोटाला लागेल. ठिपका नसलेला प्रत्येक क्लॅम्प असा बघ.

टायरवाल्याचा मला निरोप आला होता. माणूस सभ्य वाटला. म्हणाला, पोरीला उगाच कशाला त्रास, मी तिला माझ्याकडे कामाला ठेवीन. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. १५ मार्चला काय ते ठरवीन. एका पाइपाने तुझ्या नाकी नऊ आणले असतील, तर गॅरेज घेऊन तरी काय करशील? हे मी रागाने बोलत नाही. थोडं रागानेच बोलतोय.

मामा

१ मार्च

ती. मामा,

गाडी झाली. इंटरकूलरच्या खालच्या जोडावरचा क्लॅम्प सैल होता. घट्ट केला. चढावर दोनदा नेऊन आणली, दाब पुरा मिळतो, धूर नाही, आवाज नाही. बाई खूश आहेत. म्हणजे त्यांनी दार हळू लावलं.

एक काम होतं. तुम्ही इथून जाण्याआधी शेवटच्या पाच-सहा महिन्यांत कोणाकोणाच्या गाड्या केल्यात आणि त्यात काय काय केलंत, ते जरा सांगाल का? सहज पाहिजे होतं. मी नवीन माणूस आहे, गिऱ्हाइकांची ओळख राहावी म्हणून.

भाची

५ मार्च

चि. भाचीबाई,

सैल क्लॅम्प! मी काय सांगत होतो? हवा पळतेय, हवा पळतेय, आणि तू सेन्सर बदलत बसलीस. असो. सापडला हे महत्त्वाचं. सुनेला सांगून मी आज दोनदा चहा करून घेतला. तुझ्या आईलाही कळव, मला फोन जमत नाही.

यादी कसली मागतेस? मी जन्मात काही लिहून ठेवलं नाही, सगळं डोक्यात आहे आणि तिथेच बरं आहे. माझ्या हातच्या गाड्यांना पाच वर्षं कोणी हात लावायची गरज नसते. तू तुझी नवी कामं बघ. माझ्या मागून माझी कामं तपासत फिरलीस तर गिऱ्हाईक काय म्हणेल?

टायरवाल्याला काय सांगायचं ते मी बहुतेक ठरवलंय, आणि तुझ्या बाजूने ठरवलंय. आता काही वेडेपणा करू नकोस.

मामा

८ मार्च

ती. मामा,

मी तुमच्याशी खोटं बोलले. पूर्ण खोटं नाही, पण जे सांगायचं तेच गाळलं.

त्या क्लॅम्पला लाल ठिपका होता.

मी त्याला हात लावलाच नव्हता. तीन आठवडे गाडीखाली झोपले, तो जोड माझ्या नाकापासून वीतभर होता, त्याच्या खाली काळा चिकटा दिसत होता आणि मी तो जुन्या तेलाचा असेल म्हणून पुसून टाकला. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाई वाकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, सगळे क्लॅम्प चाचपतेस, हा एकच का सोडतेस? मी म्हणाले, त्याला ठिपका आहे, मामांनी तपासलाय. त्या म्हणाल्या, "मी कुठल्या गायीला आधी दुसऱ्याने तपासलंय म्हणून हात लावायचं सोडत नाही. लाव हात." लावला. बोटांनी फिरला, मामा. पाना लागलाच नाही.

तुम्हाला लिहिलं नाही त्याची कारणं दोन. एक, तुम्हाला वाईट वाटेल. दुसरं कारण जास्त खरं आहे. १५ मार्चच्या आधी तुमची चूक दाखवली तर तुम्ही चिडून गॅरेज टायरवाल्याला द्याल, ही भीती. मला गॅरेज पाहिजे होतं. अजूनही पाहिजे.

पण मग झोप लागेना. तुम्ही केलेल्या ज्या गाड्या मला आठवत होत्या, त्यांना फुकट तपासणी म्हणून बोलावलं. सहा आल्या. चार ठीक होत्या. पाचवीचा एक पाइप सैल, त्याने फार काही बिघडलं नसतं. सहावी शाळेची गाडी. मागचं डावं चाक. सगळ्या नटांना ठिपका, आणि त्यातले दोन पान्याच्या पहिल्याच धक्क्याला फिरले. ती गाडी सोळा पोरं घेऊन रोज त्याच चढाने जाते.

मी नट आवळले.

असं कसं झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. मला यादी पाहिजे. ब्रेक, चाकं, स्टिअरिंग, यातलं ज्या ज्या गाडीचं काही केलं असेल ती प्रत्येक गाडी. ती फक्त तुमच्या डोक्यात आहे. गॅरेज द्यायचं त्याला द्या. यादी मला द्या, आणि लगेच द्या, सुनेला फोन करायला सांगा.

भाची

१२ मार्च

ताई,

हे पत्र माझं आहे, ते सांगत नाहीयेत. ते आत पडून आहेत.

तुमचं पत्र आलं तेव्हा नेहमीसारखे पुढे सरसावून बसले, वाच म्हणाले. मी आधी मनात वाचलं आणि म्हटलं, नंतर वाचू का? तर चिडले. मग वाचलं. तुम्हाला माहीतच आहे, त्यांना ऐकू जायचं तर खिडक्या लावून ओरडावं लागतं. तुम्ही लिहिलेलं सगळं मी ओरडून वाचलं. "शाळेची गाडी" हे दोन वेळा ओरडावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर केला, ऐकू आलंय म्हणाले.

आधी भडकले. म्हणाले, पोरगी आपलं अपयश माझ्या माथी मारतेय, क्लॅम्पच खराब असेल, नट कोणीतरी नंतर उघडले असतील. थोड्या वेळाने तीन गाड्यांची नावं सांगितली आणि म्हणाले, हिला आत्ताच्या आत्ता फोन कर. तो मी तुम्हाला केलाच.

आता मी जे सांगणार ते सांगू नकोस असं मला बजावलेलं आहे. चष्मा डिसेंबरातच आला होता. त्यांच्या उजव्या हातात जोर नाही. मनगटाची शीर दबलीय असं इथले डॉक्टर म्हणतात. आले तेव्हापासून सदऱ्याची बटणं मी लावते. पेन धरलं की निसटतं. नातवंडांसाठी आलो असं सगळ्यांना सांगतात, पण ते हातासाठी आले. तुम्हाला कळू नये याचीच त्यांना जास्त काळजी होती. मला राग येतो त्यांचा, आणि वाईटही वाटतं. काल दिवसभर जेवले नाहीत, आज थोडं खाल्लं.

सकाळी विचारत होते, बसगाड्या किती वाजता सुटतात. मी वेळ सांगितली.

सून

१४ मार्च

चि. भाचीबाई,

सून सगळं लिहून मोकळी झालेली आहे, ते तिने मला काल सांगितलं. बरं केलं. माझ्याने झालं नसतं.

पहिल्यांदा कळलं ते गेल्या वर्षी. पाना हातातून निसटला, मी म्हणालो तेल लागलंय, आणि हात पुसला. हाताला तेल नव्हतं. त्यानंतर रोज हात पुसत होतो. नट आवळायचो, हाताला घट्ट लागायचा, ठिपका द्यायचो. माझ्या हाताला तो घट्टच लागायचा गं. पण हातातला जोर गेलाय हे मला ठाऊक होतं. ते ठाऊक असून ठिपका दिला. हात कमजोर होणं ही चूक नाही, ठिपका देणं ही चूक आहे. दुसऱ्या कोणी माझ्या गॅरेजमध्ये असं केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता.

यादी. टपालाची वाट नको म्हणून सून ती आत्ताच फोनवरही वाचून दाखवेल. आधी तीन सांगितल्या, त्या झाल्या असतील. राहिलेल्या अशा. बेकरीवाल्याचा टेम्पो, पुढचे दोन्ही ब्रेक. पोस्टातल्या बाईंची निळी, स्टिअरिंगचा खालचा जोड, ही सगळ्यात आधी. सुताराची, मागची चाकं. औषधवाल्याची पाइपाची गळती होती, ती शेवटी बघ. तुझ्या आईची, पुढचं उजवं चाक, आणि तिला सांग, मी सांगितल्याशिवाय गाडी काढायची नाही. नववी कोणाची ते आठवत नाही. लाल रंगाची, नंबरात दोन सात आहेत, माणूस फार बोलतो. तू ओळखशील.

सगळ्यांना आजच फोन कर आणि फक्त एवढंच सांग, की गाडी उभी ठेवा. का ते सांगू नकोस. त्यांना वाटू दे तुझंच काहीतरी राहिलंय, दोन दिवस सोस. तुला खोटं बोलायला मी सांगत नाही. खरं सांगायचा मान माझा आहे, एवढंच.

टायरवाल्याला सुनेकरवी फोनवर नाही म्हणून कळवलं. त्याला नवल वाटलं. मी म्हणालो, गॅरेज हातचं जाईल हे ठाऊक असून ज्या पोरीने मला ते पत्र लिहिलं, तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाती मी शाळेची गाडी देणार नाही. तो म्हणाला, कसलं पत्र? मी सांगितलं नाही.

खोटं लिहिलंस त्याबद्दल कान उपटायचे आहेत, ते आल्यावर. डाव्या हाताने उपटीन, तो अजून शाबूत आहे.

शनिवारी सकाळच्या बसने निघतोय, दुपारपर्यंत पोचेन. सून सोबत येतेय, कारण पिशवी उचलायची आहे. जेवायला थांबायचं नाही. थेट शाळेत जायचं, मग पोस्टात, मग बाकीचे, एकेकाच्या दारात. डॉक्टरीणबाईंकडेसुद्धा, त्यांनी महिनाभर तुझ्यावर आपटलेली दारं खरं म्हणजे माझ्या नावाची होती.

तू पाना घेऊन माझ्या मागे उभी राहा. बोलायचं काम माझं.

मामा